चुरम्याचा तिसरा भाग

टिळकवाडी, बेळगाव
९ डिसेंबर २०२५

चि. सौ. वीणास,

आशीर्वाद आहेतच, ते राग आला म्हणून थांबत नाहीत. पण या पत्रात गोड शब्द तेवढाच. काल तू माझा फोन मध्येच ठेवून दिलास, म्हणून आता कागदावर लिहिते. कागद कसा बंद करतेस ते बघू.

काल माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन झालं. चुरमा केला, रीतीप्रमाणे तीन भाग केले, एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला. म्हटलं भार्गवीला फोन करावा. श्रावणात आम्ही दोघींनी एकाच दिवशी संकल्प सोडला होता, मी इथे पूजा मांडायची, ती तिथे. तिचे अजून थोडे सोमवार राहिलेत, म्हणून तिची पूजा झाली का विचारावं. तर मागे पोरीचं रडणं, ताटाचा आवाज आणि तुझा आवाज, ‘अजून घास संपव, उठायचं नाही.’ सोमवारी! दहीभात! रघूला विचारलं तर तो म्हणे, ‘अक्का, डॉक्टरांनी सांगितलंय.’

पंधरा वर्षांची पोर स्वतःहून व्रत धरते, आणि तू तिच्यासमोर पहारा देऊन ते मोडतेस? वीणा, तू आई आहेस की फौजदारीण?

बारीक आहे तर आहे. आमच्या माहेरच्या सगळ्याच मुली हडकुळ्या, मी लग्नात कशी होते ते फोटोत बघ की. भूक लागली की लेकरू खातं. आमची आई जेवायला हाक मारायची, धरून बसवायची नाही. माझा भाऊ रघू कॉम्प्युटरमधला मोठा माणूस, पण घरात तू सांगशील ते. म्हणून तुलाच सांगते. जानेवारीत पोरीला माझ्याकडे पाठवून दे. महिनाभर माझ्या हातचं खाऊ दे, मग बघ.

तुझी,
शालनअक्का


जयनगर, बेंगळुरू
१५ डिसेंबर

ती. अक्कांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तुमचं पत्र वाचून पाठ वाकेना. नुसता नमस्कार घ्या.

फोन मी ठेवला, कारण तिच्या ताटात अर्धा भात होता आणि तुम्ही स्पीकरवर ‘सोड गं तिला’ म्हणालात. तुमचं वाक्य तिने उचललं आणि ताट ढकललं. पुढे काय झालं ते तुम्हाला ऐकू गेलं नाही, कारण तुम्ही बेळगावात आहात. कागदावर लिहिताय ते बरं केलंत. भार्गवी माझा मोबाइल उघडून वाचते, आणि फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

तुमच्या लग्नातला फोटो मी पाहिलाय. तुम्ही बारीक होतात आणि गालात हसत होतात. भार्गवी जिना चढताना कठडा धरते. थंडी नसताना स्वेटर घालते. न्हाणीघराच्या जाळीत रोज तिच्या केसांचा गुंता निघतो. झोपेत नाडी इतकी मंद पडते की डॉक्टर तिला आधी दवाखान्यातच ठेवून घेणार होत्या. ‘भूक लागली की खाईल’ हे मला सगळ्यांनी ऐकवून झालंय. मी स्वतःही तेच म्हणत पावसाळा घालवला, आणि त्याचा मला इतका संताप येतो की भांडी घासताना भांडी आपटते.

डॉ. शिवलीला म्हणून इथे एक डॉक्टर आहेत. त्या एकट्या मुलीवर उपचार करत नाहीत, सगळ्या घराला समोर बसवतात. त्या म्हणतात, न खाण्याचा हा आजार वेगळा आणि भार्गवी वेगळी. सध्या जेवणाबद्दल बोलते ती भार्गवी नव्हे. म्हणून काय, किती, केव्हा हे आईवडिलांनी ठरवायचं, वाढायचं आणि संपेपर्यंत शेजारी बसायचं. सौदा नाही, धमकी नाही, व्याख्यान नाही. वजन आणि ताकद आली की जेवण हळूहळू पुन्हा तिच्या हातात द्यायचं. अन्न हेच तिचं औषध आहे, अक्का. तापात गोळी देताना तुम्ही ‘नको असेल तर राहू दे’ म्हणाल का?

पहिल्या वेळी त्यांनी घरून डबा आणून तिथेच जेवायला सांगितलं. भार्गवीने पोळीचे तुकडे केले, इकडून तिकडे हलवले, तोंडात काही नाही. डॉक्टर आम्हाला म्हणाल्या, ‘तिला हवं त्यापेक्षा फक्त एक घास जास्त खाऊ घाला.’ तुमचा भाऊ, जो ऑफिसात एवढी माणसं हाताखाली ठेवतो, गयावया करायला लागला, नवा लॅपटॉप देतो म्हणाला. मी ओरडले. ओरडल्यावर डॉक्टरांनी मला थांबवलं. भार्गवीने आम्हाला अशा शिव्या दिल्या ज्या तिला येतात हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी घेतला घास. परत येताना रिक्षात तिघंही रडत होतो आणि रिक्षावाले अण्णा आरशातून बघत होते. तेव्हापासून रघुनंदनने के. आर. पुरमचं ऑफिस सोडून घरून काम मागून घेतलंय. दुपारचं जेवण त्याच्याकडे असतं.

खालच्या मजल्यावरच्या अज्जी येताजाता ‘ऊट आयता?’ विचारतात. इथली रीतच आहे, जेवलीस का म्हणून विचारायची. भार्गवी हसून ‘आयतु’ म्हणते, झालं. इतके महिने ती त्यांनाही तेच सांगत होती आणि मलाही.

बाकीचे दिवस कसेबसे निभतात. सोमवारी मात्र तिच्या हातात तुमचं नाव असतं. ‘आत्याबरोबर संकल्प केलाय, मोडला तर बाबांना काहीतरी होईल.’ तुमचं ती ऐकते. फोन करून एवढंच सांगा की व्रत थांबव. मग माझ्यावर हवं तेवढं रागवा.

वीणा


बेळगाव
२२ डिसेंबर

चि. वीणास,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा रागाने आणि एकदा चष्मा लावून.

पोरगी अशक्त आहे हे कळलं. वाईट वाटलं, आणि अजून वाटतंय. पण व्रत थांबव म्हणून माझ्या तोंडाने सांगू? संकल्प केलेलं व्रत उद्यापन करून सोडतात, मध्येच टाकत नाहीत. एका फोनवर देवाला टाटा करायला मी काही शिकले नाही.

आणि राहिलंय किती? तिचंही माझ्याबरोबरच पुरं झालं असतं. पण बायकांच्या अडचणीत आलेला सोमवार धरत नाहीत, उपास होतो पण मोजत नाहीत, हे तुम्हा पुण्याच्या मुलींना माहीत असेल-नसेल. तिचे काही सोमवार तसे वाया गेले. दर महिन्याला नेमका सोमवारच गाठते मेली. दर वेळी बिचारी मला फोन करते, ‘आत्या, पाळी आली, आजचा धरायचा नाही ना?’ आणि निमूटपणे पुढे एक वाढवते. एवढी निष्ठा मोठ्या बायकांत नाही. हे मी फोनवर बोलले नाही, कारण रघू आसपास असतो.

आता माझं एक ऐक. मागे गणपतीत आलीस तेव्हा तू मोदकाला हात लावला नाहीस. ‘कार्ब’ म्हणालीस. उकडीचा मोदक, मी पहाटे उठून केलेला, त्याला तू कार्ब म्हणालीस. ही पोर तुझ्या शेजारी बसली होती. आजार कुठून आला हे त्या डॉक्टरीणबाईंना विचार, आणि मग माझ्या देवावर ये.

शालनअक्का


जयनगर
२७ डिसेंबर

अक्का,

भार्गवीची पाळी मार्चपासून आलेली नाही.

शरीराला पुरेसं मिळालं नाही की ते आधी तेच बंद करतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, आणि उत्तर देताना मला आई म्हणून जमिनीत जावंसं वाटलं होतं. तुमचं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात खाली बसले. तिचा एकही सोमवार वाया गेलेला नाही. तिला ते व्रत संपवायचंच नाही. संपलं की जेवावं लागेल, म्हणून आजार तुम्हाला दर महिन्याला फोन करतो, आत्या म्हणतो, आणि तुम्ही त्याला आणखी एक सोमवार देता.

श्रावणात तिने साडी नेसून पूजेचा फोटो टाकला, तेव्हा घरच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, ‘चेहऱ्यावर कसलं तेज आलंय!’ सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा जोडले. अक्का, ती गालाची हाडं होती.

मोदकाचं म्हणालात ते लागलं. लागायचंच होतं. डॉ. शिवलीला म्हणतात की या आजाराला एकच कारण नसतं, दोष कोणाचा ते शोधत बसाल तर मुलगी हातची जाईल. म्हणून मी शोधत नाही. तिच्या समोर बसून तिच्याएवढाच भात खाते, तिन्ही वेळा. ब्लाउज घट्ट झालेत आणि मला त्याचं काही वाटत नाही.

जानेवारीत माझ्या बाबांचं खुब्याचं ऑपरेशन आहे. मला पुण्याला जायलाच हवं आणि जाता येत नाही, कारण रघुनंदन एकटा तिच्यासमोर टिकत नाही. ती रडली की तो वितळतो, आणि मग तो उरलेलं तिच्या ताटातून स्वतः खाऊन टाकतो. तुम्हाला तिला बेळगावला न्यायचं होतं ना? ती येणार नाही. तुम्ही या. आशीर्वाद पाठवू नका, स्वतः या, आणि माझ्या खुर्चीत बसून दाखवा.

वीणा


जयनगर, बेंगळुरू
१७ जानेवारी २०२६

चि. वीणास,

तुझे बाबा बरे आहेत, वॉकर धरून दाराशी जाऊन आले, हे रघूने सांगितलं. आता इथलं ऐक. फोनवर रघू तुला ‘ठीक आहे’ म्हणतो, पण तो माझा भाऊ आहे, त्याला खोटं नीट बोलता येत नाही. ठीक नाही.

सोमवारी तुझ्यासमोरच तिचं उद्यापन केलं. मी म्हणाले होते की माझ्या डोळ्यांदेखत एकदा सुटलं की पोर मोकळी होईल, आणि तू करू दिलंस. चिकपेटच्या बाजारात साडी घ्यायला गेलो तेव्हाच मला कळायला हवं होतं. गर्दीत तिचा हात धरला तर दंड माझ्या मुठीत मावला. दुकानदार म्हणाला, ‘ब्लाउज पीस स्वल्प कमी लागेल, अम्मा,’ आणि ती खूश झाली. वीणा, ती खूश झाली! मी साडीच्या घड्या मोडत बसले.

तू मंगळवारी गेलीस. संक्रांतीला खालच्या अज्जींनी एळ्ळु-बेल्ल आणून दिलं, तीळगुळाचं इथलं रूप. तिने हसून घेतलं, खिशात घातलं आणि ते खिशातच राहिलं. काल सकाळी मी बाल्कनीतल्या जास्वंदीला पाणी घालायला गेले. मुळाशी मुंग्यांची रांग लागली होती. उकरलं तर चुरमा.

तिसरा भाग. तिचा. सोमवारी, तू आत बॅग भरत होतीस तेव्हा, तिने तो दोन्ही हातांत घेतला होता, डोळे मिटून कपाळाला लावला होता. ‘आत्या, देवाजवळ बसून खाते,’ म्हणाली, आणि मी शहाणी हो म्हणाले. तू सांगितलं होतंस की एका घासासाठीसुद्धा टेबलावरून उठू द्यायचं नाही. मला वाटलं, प्रसादाला कसला पहारा?

मी त्या कुंडीपाशी बसले आणि असा राग आला की काय सांगू. मी विधवा झाले तेव्हा देवावर रागावले होते, पण तो राग याच्यापुढे काहीच नाही. जी पोर व्रतासाठी तुझ्याशी इतकी भांडली, ती प्रसाद मातीत घालेल? तिने घातला नाही. तिच्या हाताने कोणीतरी घातला. तू एवढे दिवस पानंच्या पानं लिहीत होतीस ते मला मुंग्यांनी एका मिनिटात सांगितलं.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या आहेत, आमचं बोलणं कन्नडमध्ये छान जमलं. मी कुंडीचं सांगितलं तर म्हणाल्या, ‘अक्का, राग आजाराकडे वळवा. पोरीच्या वाट्याला स्वल्पही येऊ देऊ नका.’ म्हटलं सरी, ठीक आहे, पण माझ्याकडे पोतंभर आहे, आजाराला पुरून उरेल. त्या हसल्या.

तुझी माफी मागत नाही. दोष वाटायचे नाहीत असं बाईच म्हणाल्या. तूही मोदकाचं मनातून काढून टाक.

शालनअक्का


कोथरूड, पुणे
२१ जानेवारी

अक्का,

पत्र आजच मिळालं. खरं सांगा, तुम्ही तिला पाप म्हणालात का? देवाचा प्रसाद टाकलास, आता देव बघून घेईल, असं काही? तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तोंडावर आलेलं तुम्ही गिळत नाही. म्हणाला असाल तर एवढे आठवडे आम्ही जे मिळवलं ते पाण्यात गेलं. ती आधीच स्वतःला वाईट समजते. त्यात देवाची भर पडली तर तिला त्यातून मी काढू शकणार नाही, आणि तुम्हाला मी कधीही क्षमा करणार नाही, हे मी शांतपणे लिहिते आहे.

हो, शांतपणे नाही. पेन कागदातून आरपार गेलंय ते दिसत असेल.

इथे बाबांना मऊ भात देते. ते पुढ्यात आलेलं मुकाट्याने खातात, वर ‘मीठ कमी आहे’ म्हणतात. मी आत जाऊन रडते. माणूस मीठ कमी आहे म्हणतो, एवढ्याचं मला रडू येतं.

उद्यापन झालं तरी सोमवार यायचा राहत नाही. या सोमवारी काय करणार आहात? उत्तर लगेच टाका. नाहीतर मी बाबांना माझ्या भावाच्या भरवशावर टाकून निघते.

वीणा


जयनगर
२६ जानेवारी

वीणा,

हे पत्र तुझ्या खुर्चीत बसून लिहिते आहे. समोर भार्गवी, तिच्या पुढ्यात वाटी, शेजारी रघू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तोंडाकडे टक लावून बघू नका आणि हलूही नका, म्हणून कागद-पेन घेतलं. या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. इतके दिवस डुगडुगत कशी बसलीस गं? खाली पुठ्ठा घातलाय.

पाप म्हणाले नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. मलाही गिळता येतं, तू बघितलं नसशील. कुंडीतलं तिला दाखवलंही नाही. कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली आणि तिला म्हटलं, यापुढे देवाजवळ बसून काही खायचं नाही, देवाला एकटं राहायची सवय आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं.

आज सकाळी म्हणाली, ‘आत्या, सोमवार आहे, सवय झालीय, मी नुसती फळांवर राहते. व्रत म्हणून नाही.’ म्हटलं, नाही. ‘मग दूध?’ म्हटलं, दूधही, आणि जेवणही. आणि मी मुद्दाम चुरमा करायला घेतला. तुपाला हात आखडला नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कढईकडे बघत होती, चेहरा पांढरा. वाढायला घेतला तर म्हणाली, ‘तीन भाग कर.’ हुशार आहे बघ तो आजार. दोन भाग दुसऱ्यांना जातील आणि तिच्या वाट्याला चमचाभर येईल. मी म्हटलं, ‘आज भाग नाहीत. देवाचा त्याला दिला, लोकांचा लोकांना दिला. हा सगळा तिसरा भाग आहे आणि तो तुझा आहे.’

मग जे झालं ते तुला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. वाटी भिंतीवर गेली. मी दुसरी भरली. ‘तुम्ही सगळे मला जाड करून मारणार आहात.’ ‘तू माझी एकटीची होतीस, तूपण आईला सामील झालीस.’ रघू विरघळायला लागला, त्याच्या पायावर मी टेबलाखालून पाय दिला. शेवटी ओरडून म्हणाली, ‘तू आत्या आहेस की फौजदारीण?’

माझाच शब्द. पत्रं डब्यामागे ठेवली होतीस ना, तिने वाचली असणार. तुला मी हे लिहिलं होतं आणि तू ते वाचून संध्याकाळी पुन्हा याच खुर्चीत बसली असशील. रघूला वाटलं आता मी रडणार.

मी म्हटलं, ‘फौजदारीण. घे चमचा.’

चुरमा निवला, गरम केला, पुन्हा निवला. समोरच्या शाळेतली झेंड्याची गाणी संपून मुलं घरी गेली. मग खालच्या अज्जी दाराशी आल्या, नेहमीप्रमाणे विचारलं, ‘ऊट आयता, पुट्टी?’ भार्गवीने हसायला तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, ‘इन्नू इल्ला, अज्जी.’ अजून नाही.

अज्जींना त्यात काही विशेष वाटलं नाही. ‘माडम्मा, माडु,’ म्हणजे जेव बाई, जेव, म्हणून त्या खाली गेल्या. रघूने तोंड फिरवलं. मला इथे लिहिता येईना म्हणून मध्ये ही ओळ वाकडी झालीय.

तिने चमचा उचललाय. माझ्यावर चिडूनच उचललाय, वाटीकडे असं बघते आहे की वाटीला भोक पडेल. चिडू दे. एक घास गेला. गिळला, मी गळ्याकडे बघितलं.

पत्र इथेच सोडते, आता दुसरा घास आहे.

तुझी,
फौजदारीण